बसायला धड जागा

पुण्यात मी कुठल्याही नव्या कॅफेत शिरलो की आधी खाली बघतो. भिंतीला प्लग कुठं आहेत, किती उंचीवर आहेत, टेबल त्यांच्यापासून किती लांब आहे. बरोबरचे लोक काचेच्या पेटीतले केक बघत असतात आणि मी वाकून भिंत न्याहाळत असतो. “काही पडलं का तुझं?” असं मला आजवर चार जणांनी तरी विचारलं असेल. काही पडलेलं नसतं. ही सवय मला निपाणीच्या एका म्हाताऱ्या माणसानं लावली. ती मोडावी असं मला वाटत नाही, कारण ती मोडली तर त्या माणसाचं माझ्याकडं फारसं काही उरणार नाही.

त्यांना मी आप्पा म्हणायचो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चपला, कारण जैन माणूस, कातड्याला शिवायचे नाहीत. खांद्याला लेकीनं वापरून टाकलेला लॅपटॉप आणि त्याच पिशवीत एक पोलादी टेप. जन्मभर सरकारी सर्व्हेअर म्हणून लोकांची शेतं मोजली होती. आता रिटायर झाल्यावर ते कॅफे मोजत फिरत होते.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या बाजूला. कंपनीनं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम करा म्हणून सांगितलं तेव्हा मी बोजाबिस्तरा घेऊन गावी आलो. चार दिवसांत कळून चुकलं, की घरून काम ही कल्पना ज्याच्या घरात माणसं नाहीत अशा कुणाला तरी सुचलेली असणार. नेट फक्त माळ्यावर मिळायचं, तेही लहर लागेल तसं. त्यात मी दिसलो की आईला काम आठवायचं. “दिवसभर त्या डब्याम्होरं बसून काय करतोस रं? जरा म्हशीला पाणी दाव,” म्हणायची. एकदा मी मीटिंगमध्ये बोलत असताना म्हैसच खिडकीशी येऊन उभी राहिली आणि मॅनेजरनं मोठ्या आस्थेनं तिचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या बसनं बेळगावला जायला लागलो.

पण तिथं तरी बसायचं कुठं? नेट असेल तिथं प्लग नसायचा, प्लग असेल तिथं डोक्यावर गाणी वाजत असायची, आणि दोन्ही बरं असेल तिथं मालक अर्ध्या तासानं टेबल पुसायला येऊन उभा राहायचा. अशाच एका ठिकाणी मी मान खाली घालून काम करत होतो, तर शेजारी कुणीतरी वाकलं आणि माझ्या टेबलाला टेप लावला.

“उठू नका साहेब,” ते गृहस्थ म्हणाले. “बसा तसंच. माणूस बसल्यावर माप बरोबर येतं.”

टेबलाची उंची झाली, खुर्चीची झाली, मग माझ्या कोपरापासून भिंतीतल्या प्लगपर्यंतचं अंतर झालं. सगळं एका लांबट वहीत उतरलं.

“आप्पा, फर्निचरचं दुकान हाय काय तुमचं?” मी विचारलं.

“न्हाय हो. लेकीसाठी बघतोय. ती बेंगळूरला असती. तुमच्यागत लॅपटॉपवर काम. दिवाळीत आलती तवा म्हणाली, आप्पा, मी हितंच येऊन राहिले असते, पण लॅपटॉप घेऊन बसायला धड जागा कुठं हाय? म्हटलं, बघितल्याशिवाय जागा न्हाय असं कसं म्हणायचं?”

मुलगी एक वाक्य बोलून परत गेली होती आणि बापानं ते सरकारी हुकूम आल्यासारखं डोक्यावर घेतलं होतं. आधी त्यांनी निपाणी पालथी घातली. मग संकेश्वर. तिथं साजेसं काही सापडेना म्हणून आता बेळगाव धरलं होतं. रोज सकाळी निपाणीहून बस पकडायची आणि दिवस बुडायच्या आत परत. बेळगावला जागा मिळाली तरी त्यांचं समाधान होतं. लेक इथं खोली घेईल आणि शनिवारी-रविवारी घरी येईल. “तिची आई शनवारची वाट बघत बसंल. आता दिवाळीची बघत बसती,” ते म्हणाले.

त्या दिवशी ते मला जरा सरकलेलेच वाटले. पण ज्याला स्वतःला बसायला जागा नाही त्यानं दुसऱ्याला हसायचं कशाला? आठवडाभरात मी त्यांच्याबरोबर फिरायला लागलो.

त्यांची कामाची पद्धत खात्यातलीच होती. प्रत्येक कॅफेचा नकाशा काढायचा, वर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. प्लगला लाल ठिपका, पंख्याला निळा. दुपारी ऊन कुठल्या टेबलावर येतं तिथं तिरप्या रेघा. खाली प्रतवारी. नेट चांगलं असेल तर बागायत, येतं-जातं असेल तर जिरायत, आणि अजिबात नसेल तर पड. कॅम्पातल्या एका झकपक कॅफेची त्यांनी मालकासमोर ‘पड’ अशी नोंद केली तेव्हा आम्हाला कॉफी न घेताच बाहेर पडावं लागलं. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. शेतं मोजताना त्यांच्या अंगावर लोकांनी कुत्री सोडली होती.

बसायचे नियमही ठरलेले. तासाला एकदा काहीतरी मागवायचंच. “कुणी न देता घेतलं की ती चोरी, असं आमच्यात हाय. खुर्चीपण त्यातच आली,” म्हणायचे. अडचण एवढीच होती, की त्या कॅफेंत बटाटा, कांदा आणि लसूण वगळून मिळणारी वस्तू म्हणजे पाणी. पाणी ते घरचं उकळलेलं प्यायचे आणि दर तासाला चहा त्यांना झेपायचा नाही. म्हणून ते सँडविच मागवायचे आणि बशी माझ्याकडं सरकवायचे. “माझं बसणं झालं, तुमचं खाणं झालं.” त्या काही महिन्यांत मी चांगलं बाळसं धरलं. दिवस मावळला की मात्र ते कुठंच थांबायचे नाहीत. अंधार पडल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा नियम, आणि काही घेतल्याशिवाय बसायचं नाही हा दुसरा, मग उठण्याशिवाय तिसरा मार्गच नव्हता. डब्यातली भाकरी ते दिवस असतानाच स्टँडवरच्या बाकावर बसून खायचे.

मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यांची नेटची परीक्षा. आकडे सांगणाऱ्या यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. “आकडा कुणीबी दाखवतंय. माणूस दिसायला पायजे, ऐकू यायला पायजे.” म्हणून एका कोपऱ्यात ते बसायचे, दुसऱ्या कोपऱ्यात मी, दोघांच्या कानात इअरफोन, आणि आमची व्हिडिओ मीटिंग चालायची. अंतर पंधरा फूट.

“नमस्कार,” स्क्रीनवरून आप्पा म्हणायचे. “आवाज येतोय का?”

“येतोय.”

“निपाणीत आज ऊन लई हाय. तुमच्याकडं कसं हाय?”

“आमच्याकडंबी हाय.”

“घरात सगळी बरी?”

“बरी हायत.”

मधल्या टेबलावरची पोरं आमच्याकडं आळीपाळीनं बघायची. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर नंतर मी त्या मीटिंगची वाट बघायला लागलो. कंपनीच्या मीटिंगमध्ये दिवसभर मला कुणी घरात सगळी बरी का असं विचारत नव्हतं.

परीक्षा झाली की पंचनामा. एकट्यानं केलेली मोजणी त्यांच्या लेखी मोजणीच नव्हती. कागदावर ते सुरेख अक्षरात लिहायचे: ‘खाली सही करणार पंच लिहून देतो की सदर जागा समक्ष पाहिली असून लॅपटॉपवरील कामास योग्य आहे’ किंवा ‘नाही’. तिथं मी सही करायची. पहिल्यांदा मी हसत हसत सही केली, तेव्हा त्यांनी पेन परत घेतलं. “हसून सही करायची न्हाय. पंचाच्या सहीवर माणसं हद्द धरत्यात. पिढ्या जात्यात त्यावर.” मी गंभीर होऊन पुन्हा सही केली. त्यानंतर कधीतरी साहेब जाऊन मी त्यांचा ‘रं’ झालो. नेमकं कधी ते आठवत नाही.

शेवटी जागा सापडली. टिळकवाडीत एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर एक बाई शांतपणे कॅफे चालवायच्या. गाणी नाहीत, खुर्च्यांना पाठ, खिडकीत आंब्याची फांदी, आणि प्रत्येक टेबलाला प्लग. मालकीणबाईंनी आप्पांचा टेप बघून काही विचारलं नाही, उलट टेप धरायला दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. आप्पांनी तिथं तीन दिवस मोजणी केली. सकाळची, दुपारची, पावसातली. मग ‘बागायत’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. वहीत दुसऱ्या कुठल्या जागेखाली दोन रेघा नव्हत्या.

त्या महिन्यात लेक चार दिवसांसाठी आली. आप्पा तिला घेऊन आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिला खिडकीतल्या टेबलावर बसवलं, प्लग स्वतः लावून दिला आणि थेट माझ्या टेबलावर येऊन बसले. “जवळ बसलो तर तिला वाटंल बाप बघतोय.” आणि मग दिवसभर ते तिच्याकडं बघत बसले.

मुलगी खरंच कामात होती. कधी इंग्रजीत बोलायची, कधी कन्नडमध्ये, मधूनच हसायची. प्रत्येक हसण्याला आप्पा माझ्याकडं बघून मान हलवायचे. दुपारी ती बाहेर न बघता तासभर टाइप करत होती. “बघितलास? मान वर न्हाय केली,” ते हळूच म्हणाले. “जागा बरोबर असली की असं हुतं.”

संध्याकाळ झाली. डब्यात दोघांची भाकरी होती. लेकीबरोबर जेवायचं म्हणून त्यांनी तो उघडला नव्हता. तिची मीटिंग संपेना. खिडकीबाहेर दिवस बुडाला. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते उठले नाहीत. मालकीणबाईंना हाक मारून त्यांनी चहा सांगितला. चहा आला, समोर निवत राहिला. पुन्हा सांगितला, तोही तसाच. “आप्पा, तुम्ही आता काय घेत न्हाईसा न्हवं?” मी म्हटलं. “व्हय,” ते म्हणाले, “पर बसायचं तर सांगाय पायजे.” त्या दिवशी ते उपाशी राहिले, आणि इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मीटिंग संपवून लेक हात धुवायला गेली तेव्हा मीही पाण्याची बाटली भरायला गेलो. बेसिनपाशी ती थांबली होती.

“तुम्ही त्यांचे पंच ना?” तिनं विचारलं. “घरी तुमचंच नाव चालू असतं.”

“जागा बरी वाटली का?”

“जागा फार चांगली आहे. तीच पंचाईत आहे.” तिनं नळ बंद केला. “मी आपलं सहज बोलून गेले होते हो. आई रडत होती, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. मला तिकडंच राहायचंय. ते असं गावोगाव फिरतील हे मला काय माहीत?”

मी नळ पुन्हा सोडून बाटली भरायला लागलो.

“तुम्हीच सांगाल का त्यांना?” ती म्हणाली. “नेट मध्ये मध्ये तुटत होतं म्हणून सांगा. माझी जीभ उचलत नाही. तुमचं ते खरं मानतात.”

तिचे डोळे भरले होते. बापावर माया नाही अशातली ती मुलगी नव्हती. आणि मला त्या वेळी वाटलं, की एवढं छोटंसं खोटं बोलून सगळ्यांचीच सुटका होत असेल तर काय बिघडलं? मी हो म्हटलं.

ती बेंगळूरला परत गेल्यावर आप्पा शेवटचा पंचनामा घेऊन आले. मी सांगितलं, “आप्पा, नेट दोनदा तुटलं तिचं. मीटिंगमध्ये अडचण झाली म्हणं.” त्यांनी वाद घातला नाही. लाल पेनानं ‘बागायत’ खोडलं, ‘जिरायत’ लिहिलं, कारणाच्या रकान्यात ‘नेट अपुरे’ अशी नोंद केली आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी सही केली. हसलो नाही.

मला वाटलं होतं, की आता ते शोधायचं सोडून देतील. ते पुन्हा पहिल्यापासून लागले. हायवेवरची हॉटेलं, कॉलेजांजवळची वाचनालयं, एका मंगल कार्यालयाचं ऑफिससुद्धा. टिळकवाडीच्या मालकीणबाईंना त्यांनी सविनय लेखी कळवलं, की आपलं नेट कमी पडतं. त्या बिचाऱ्यांनी नेट बदलून घेतलं आणि मला विचारलं, “तुमचं कधी तुटलं होतं का हो?” मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. आणि पंचाची सही झाली की आप्पा नोंद बदलायचे नाहीत. उन्हाळ्यात आप्पा भर दुपारी घामानं निथळत यायचे, खुर्चीत बसायचे आणि सांगायचे, “आज पाच बघितली. सगळी पड.” मला दर वेळी वाटायचं की आता सांगून टाकावं. दर वेळी ते सँडविचची बशी माझ्याकडं सरकवायचे आणि मी खायला लागायचो.

मग माझ्याच कंपनीनं ऑफिस उघडलं आणि मला पुण्याला बोलावलं. आप्पांना सांगायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“तिथं बसायला जागा चांगली हाय का?”

“हाय, आप्पा.”

“मग बरोबर हाय. जा.”

पुण्यात आल्यावर मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. इथं जागांना तोटा नाही. आमच्या गल्लीतच तीन कॅफे आहेत, तिन्ही आप्पांच्या हिशेबानं बागायत. तिथं सगळे मान खाली घालून बसलेले असतात. कधी कधी मी उगाच समोरच्या कोपऱ्यात बघतो, की कुणी कानात इअरफोन घालून आपल्याला निपाणीतलं ऊन सांगतंय का. मला बेळगावची लाल माती आठवते, खानापूरची बस आठवते, आईचं ओरडणंसुद्धा आठवतं. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, मग जा की परत, आजकाल कुठूनही काम करता येतं. आणि ते खोटं नाही. आमच्या कंपनीनं पुन्हा घरून कामाची मुभा देऊन आता बरेच महिने झाले. मी अर्ज केलेला नाही.

मागच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला.

“सापडली रं जागा,” ते म्हणाले.

“कुठं?”

“घरात. वरची खोली रिकामी केली. टेबल करून घेतलं. प्लग चार बसवले. नेट दोन कंपन्यांचं घेतलंय, एक गेलं तर दुसरं हाय. खिडकीला जाळी, ऊन येत न्हाय. तिला अजून सांगितलं न्हाय. म्हटलं, पंचाची सही झाल्यावर सांगावं. तू कवा येतोस?”

येतो म्हणणं सोपं होतं. गेलो असतो, खोली बघितली असती, सही केली असती, आणि मग त्या मुलीला तिकडं बसून नवीन काहीतरी कारण शोधावं लागलं असतं. कदाचित तिनं ते पुन्हा मलाच सांगायला लावलं असतं. आणि आप्पांनी खुर्ची बदलली असती, मग रंग बदलला असता, मग पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी काही.

“आप्पा,” मी म्हटलं, “त्या दिवशी नेट तुटलं न्हवतं.”

“कुठल्या दिवशी?”

“टिळकवाडीत. तुमची लेक आलती तवा. एकदापण तुटलं न्हवतं. मी खोटं बोललो.”

“आन सही?”

“सहीपण खोटी.”

मला वाटलं आता फोन ठेवतील, आणि ठेवला असता तर मला बरंच वाटलं असतं. रागावले असते, शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, मोजणीच्या वेळचा.

“म्हणजे जागा बरोबर हुती.”

“बरोबर हुती.”

“मग तिची अडचण जागेची न्हाय.”

“न्हाय, आप्पा. जागेची न्हवतीच.”

“मग कशाची हाय रं?”

मी कॅफेत बसलो होतो. शेजारी प्लग होता, पंखा होता, नेट होतं. तिच्याबद्दल काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो आणि जुळवता जुळवता माझ्या ध्यानात आलं, की हाच प्रश्न माझ्या आईनं मला विचारला तर माझ्याकडंही उत्तर नाही. मला घरी जायचं आहे, रोज जायचं असतं, आणि मी जात नाही. कुणी धरून ठेवलेलं नाही.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

“ठावं असंल तर सांग,” आप्पा म्हणाले. “लिहून घेतो. काय असंल ते बघतो मी.”